लटारीजी नाववाले

कुणाच्याही घरी गेले की लटारीजी आधी पाणी पीत आणि प्यायल्या प्यायल्या पेला उलटा करून त्याचं बूड वाचत. उरलेले दोन-चार थेंब यजमानाच्या सतरंजीवर पडत. नवीन माणसाला वाटे, पाण्यात किडा निघाला की काय. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला काचेचा पेला काढला होता. त्यांनी तो उलटा केला, उजेडाकडे धरला, पुन्हा पाहिला आणि माझी कीव आल्यासारखं म्हणाले, "याच्यावर त काईच नाई, मॅडम."

"काचेवर काय असणार?"

"तेच त म्हणून राह्यलो."

लटारीजी सेलूच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून भांड्यांवर नावं घालायचे. म्हणून सगळा बाजार त्यांना 'नाववाले' म्हणे. आडनाव त्यांना होतं, पण ते फक्त मतदार यादीला माहीत. कानावर पेन्सिल, मांडीवर पोत्याचा तुकडा, पोत्यावर भांडं, एका हातात टोकदार छिन्नी आणि दुसऱ्या हातात छोटी हातोडी. टिक टिक करत एकेक टिंब पाडायचं. टिंबांचं अक्षर होई आणि अक्षरांचं नाव. विजेवरचं मशीन आलं तेव्हा दुकानाच्या शेठजींनी त्यांनाही एक आणून दिलं. वर्षभर ते फडक्यात गुंडाळून पडलं होतं. पुढे स्टीलच्या भांड्यांसाठी नाइलाजानं बाहेर काढलं, पण त्याच्याशी त्यांचं कधी जमलं नाही. "मशीन भांड्याले खाजवते," म्हणायचे, "नाव नाई टाकत."

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. मी सेलूहून बोरच्या जंगलाच्या वाटेवर असलेल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलीचं लग्न निघालं आणि आम्ही चार शिक्षकांनी मिळून कोपर द्यायचं ठरवलं. कोपर म्हणजे पितळेची मोठी परात. मजकूर मी कागदावर लिहूनच नेला होता: 'शुभेच्छांसह, शिक्षकवृंद.' लटारीजींनी कागद वाचला, त्याची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"कोनाच्या शुभेच्छा?"

"लिहिलंय ना. शिक्षकवृंदाच्या."

"त्याइले नावं नाई का? पोरीचं नाव काय? देऊन राह्यले कोन्या गावाहून? पोरगी चालली कोन्या गावाले? म्हैना कोन्ता?"

"काकाजी, माझी बस जाईल. आहे तेवढं टाका ना."

"बस उद्या बी येते. कोपर शंभर वर्सं राह्यते. गाव नाई टाकलं त भांडं मुकं होते, मॅडम."

बस गेली. पुढची येईपर्यंत मी ओट्यावर धुसफुसत बसले आणि त्यांनी चौघांची नावं, मुलीचं नाव, दोन्ही गावं आणि महिना, सगळं अगदी सावकाश टिंबाटिंबानं उतरवलं. ती मुलगी आता कुठल्या कुठे राहते. लग्नात आलेलं बाकी काय काय टिकलं ठाऊक नाही, पण दर संक्रांतीला ती त्या कोपरात लाडू मांडून मला फोटो पाठवते आणि माझ्या नावावर बोट ठेवून दाखवते. अशा वेळी त्या चुकलेल्या बसची आठवण येऊन मला माझंच हसू येतं.

आता एक गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगून टाकते. मला ती सात-आठ वर्षांनी कळली. लटारीजी जगातली सगळी भांडी उगाच वाचत नव्हते. ते एक गुंड शोधत होते. गुंड म्हणजे पितळेचा पाणी भरायचा घडा. आमच्याकडे या शब्दाला कुणी घाबरत नाही. त्या गुंडाची हकीकत पुढे येईल. पण त्यांच्या पेले उलटे करण्याला कुणी हसलं की मला ती आता लगेच आठवते, म्हणून तुमच्याही कानावर घालून ठेवली.

शेठजींची आणि त्यांची जोडी पाहण्यासारखी होती. शेठजींचा धंदा असा, की जुनं पितळ मोडीत द्या आणि नवं स्टील घेऊन जा. मोडीची भांडी मागच्या खोलीत साठत आणि तिथून नागपूरला वितळायला जात. आणि लटारीजी नेमके दाराशीच बसलेले. एखादी सून पिशवीतून गडवा, म्हणजे पितळी तांब्या, काढी न काढी, तोच हे तिच्या हातातून तो घेत आणि मोठ्यानं वाचत. "थांब माय. हा तुह्या आजेसासूचा हाय. तिच्या भावानं तिले पयल्या भाऊबीजेले देल्ला. अल्लीपूरहून आणून देल्ला बावा त्यानं, पायी. अन् तू याले मोडीत टाकून राह्यली?" सून गडवा पदराखाली घेऊन आल्या पावली घरी परत.

"लटारीजी," शेठजी कपाळाला हात लावत, "आप मेरे दुकान में बैठे हो की मेरे धंदे पर बैठे हो?"

शेवटी शेठजींनी नियम केला की भांड्याचं वजन होईपर्यंत लटारीजींनी तोंड उघडायचं नाही. लटारीजींनी तो अक्षरशः पाळला. भांडं आलं की ते नुसते ओठ हलवून वाचत, मान हालवत आणि असा काही उसासा सोडत की भांडं आणणाऱ्या बाईनं काट्यावरचं भांडं पुन्हा हातात घ्यावं. ती विचारी, "काय लिवलं हाय जी याच्यावर?" मग लटारीजी शेठजींकडे बोट दाखवून अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणत, "मले बोलाची मनाई हाय." एवढं ऐकल्यावर कोण भांडं मोडीत देतं? महिन्याभरात शेठजींनी हात टेकले आणि मागच्या खोलीत एक फळी रिकामी करून दिली. नावाचं भांडं आलं की पुढच्या बाजारापर्यंत त्या फळीवर ठेवायचं. घरच्यांचा विचार बदलला तर परत, नाहीतर नागपूर. शेठजी तसे मनाचे मऊ होते, पण हे लटारीजींनी ओळखलं होतं हे त्यांना आवडत नसे.

फळीवरून जे परत जात नसे, त्याचा लटारीजी ठसा घेत. भांड्यावर पातळ कागद घट्ट धरायचा आणि पेन्सिल आडवी करून वर घासायची. काळ्यावर पांढरी टिंबं उठत. खाली लिहायचं, भांडं कुणाचं, कुणी आणलं, कशासाठी मोडलं. अशा त्यांच्याकडे सतरा वह्या झाल्या होत्या. माझ्या मुलानं एकदा त्यांना सुचवलं, "आजोबा, मोबाईलवर फोटो काढा ना, एका सेकंदात होतं." लटारीजींनी विचार केला. मग म्हणाले, "फोटोवर बोट फिरवलं त पुढचा फोटो येते, बाबू. नाव लागत नाई बोटाले."

त्यांच्या या वाचण्यानं काय काय केलं ते सांगायला बसले तर दिवस मावळेल. एकच सांगते. आमच्या शाळेच्या गावात दोन शेजारी शेतकरी होते. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांची वीस वर्षं बोलचाल बंद. एकाच्या घरी तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण, होतं आणि लटारीजी जेवायला आले होते. पाणी प्यायले, गडवा उलटा केला आणि पंगतीतच ओरडले, "अरे बाप्पा!" गडव्यावर होतं, की या घरातल्या पणजीला शेजारच्या घरातल्या पणज्यानं 'मानलेली बहीण' म्हणून तो दिला होता. लटारीजी हात न धुताच उठले आणि धुरा ओलांडून शेजारच्या अंगणात जाऊन उभे राहिले. "चाल जेवाले. तुह्या आत्याच्या घरी तेरवी हाय अन् तू घरी बसून राह्यला?"

"माही कोन्ती आत्या?"

"पणज्याची बहीण म्हंजे आत्याच. चाल, वरण थंडं होऊन राह्यलं."

तो आला. न येऊन करतो काय, सगळी पंगत हात थांबवून बघत होती. धुऱ्याचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही, ते अजून आहे. पण आता ते दर भाऊबीजेला एकमेकांकडे जेवायला जातात आणि जेवून झाल्यावर भांडतात.

या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र एकाही भांड्यावर नाव नव्हतं. त्यांच्या बायकोची, गोदाकाकूंची, ही कायमची तक्रार. "अख्ख्या तालुक्याच्या भांड्यावर नाव टाकते हा मानूस," त्या मला सांगायच्या, "अन् माह्ये गंज शेजारीण नेते त परत आनून देत नाई. मांगाले गेली का म्हणते, नाव दाखवा!" गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. लटारीजी यावर ऐकू न आल्यासारखं करत आणि छिन्नीला धार लावत बसत.

मग आमच्या शाळेला वरून आदेश आला. व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि त्यात म्हटलं होतं, की आठ दिवसांत 'आपल्या गावाचा इतिहास' छायाचित्रांसह सादर करावा. मुख्याध्यापकांनी नेहमीप्रमाणे तो माझ्याकडे ढकलला. मी ग्रामपंचायतीत गेले, दोन म्हाताऱ्यांना विचारलं आणि रात्री वही उघडून लिहिलं: 'आमचे गाव निसर्गरम्य आहे. गावात मारुतीचे मंदिर आहे.' पुढे सुचेना. तिसऱ्या दिवशी सेलूच्या ओट्यावर जाऊन मी लटारीजींपुढे रडगाणं गायलं की गावाला इतिहासच नाही.

"नाई कसा?" ते म्हणाले. "भांडे बोलवा ना."

"म्हणजे?"

"दवंडी द्या. हरेक घरातलं नावाचं सगळ्यात जुनं भांडं शाळेत आनाचं. मी वाचतो, तुमी लिवा. होते का नाई इतिहास, पाहू."

बेत ठरला. आणि त्या दिवशी, कसं कोण जाणे, त्यांनी मला त्यांची पहिली वही दाखवली. बाकीच्या वह्यांवर ठसे होते. या वहीच्या पहिल्या पानावर नुसता मजकूर होता, जुन्या निळ्या शाईत. 'चि. सौ. कां. पारबता हिस. आई कै. मैनाबाई हिच्या आठवणीने. वडील इस्तारी यांजकडून.' खाली एका लग्नाची तारीख होती, आणि ठसा नव्हता.

"हे राह्यलं," ते म्हणाले.

पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लटारीजींचे वडील आजारी आणि ऐन लग्नसराईत हे बावीस वर्षांचे एकटे ओट्यावर. बोरच्या जंगलाकडून एक गोंड माणूस आला, जंगलखात्याच्या कामावरचा मजूर. पोरीचं लग्न होतं. पोरीची आई तिच्या लहानपणीच गेलेली. सगळ्या लग्नात मिळून त्यानं एकच वस्तू घेतली होती, पितळेचा गुंड, आणि त्यावर त्याला पोरीच्या आईचं नाव हवं होतं. त्यानं सांगितलं, लटारीजींनी लिहून घेतलं. त्याच वेळी एका मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरच्या लग्नाची पाच भांडी ओट्यावर पडलेली. घाई, ऊन, माणसांची गर्दी. दुपारी तो माणूस आला, गुंड बघून हसला, अक्षरांवरून हात फिरवला आणि डोक्यावर घेऊन गेला. वाचता येत नव्हतं त्याला. संध्याकाळी लटारीजींनी मालगुजाराची भांडी मोजली. चारांवर नाव होतं आणि पाचवा गुंड कोरा होता.

"म्हंजे त्याच्या गुंडावर मालगुजाराच्या पोरीचं नाव गेलं," लटारीजी म्हणाले. "त्या मायच्या नावाचं दुसरं कुठी काई नोतं, मॅडम. ना फोटो, ना कागद. बाप मले सांगत होता, पोरीले मायचं तोंड बी आठवत नाई. अन् मी त्याले त्याचं गाव नाई इचारलं. पोरगी कोन्या गावाले चालली, तेई नाई."

त्या पावसाळ्यात ते सायकलवर बोरच्या आसपासचे पाडे हिंडले. इस्तारी मजुरांच्या टोळीबरोबर कुठेतरी दूर गेला, एवढंच कामावरच्या एकाकडून कळलं. मग नाद सुटला, पण पेले उलटे करणं सुटलं नाही. तेव्हा मला त्यांच्या त्या प्रश्नांचा, कोणत्या गावाहून आणि कोणत्या गावाला, उलगडा झाला. बस चुकली म्हणून त्यांच्यावर चिडले होते त्याची मला लाज वाटली, आणि ते मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलंही.

"जाऊ द्या जी," ते म्हणाले. "तुमच्या कोपरावर गाव हाय ना? झालं मंग."

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात जे झालं तसं मी आयुष्यात पाहिलं नाही. मला वाटलं होतं पंधरा-वीस भांडी येतील. बायका डोक्यावर घंगाळं घेऊन आल्या. पोरांनी हंडे गडगडत आणले. सरपंचांनी गावपंगतीची कढई बैलगाडीतून आणवली आणि स्वतः तिच्या शेजारी फोटोसाठी उभे राहिले. चिंच आणि राख लावून सगळ्यांनी पितळ असं घासलं होतं की डोळे मिटावे लागत. कडुनिंबाखाली पोत्यावर लटारीजी, शेजारी खुर्चीवर मी, माझ्यापुढे मोठी वही.

आणि भांडी बोलायला लागली. अमुकच्या आजोबांना पहिलं लेकरू झालं तेव्हाचं बारशाचं घंगाळ. तमुक गावच्या बहिणीनं भावाच्या नव्या घराला दिलेला हंडा. गावपंगतीच्या कढईवर तर सगळ्या गावानं मिळून घेतल्याचं लिहिलं होतं आणि खाली घराघराची नावं होती. त्यातली दोन घरं आता गावात उरली नाहीत, पण त्यांची नावं ऐकून एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले आणि त्या घरांची हकीकत अर्धा तास सांगत राहिले. बायका एकमेकींना टाळ्या देत होत्या. 'अगं माय, मंग तू त माही भाची लागतं!' अशा आरोळ्या उठत होत्या. 'गावात मारुतीचे मंदिर आहे' या माझ्या वाक्याची मला इतकी कीव आली की मी ते पान हळूच फाडून टाकलं.

बाराच्या सुमारास आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणारी सुनीता आपल्या सासूला घेऊन आली. पलीकडच्या पाड्यावरून चालत आल्या होत्या दोघी. सासूच्या डोक्यावर गुंड. साठी ओलांडलेली, काळीसावळी, ताठ मानेची बाई. तिनं गुंड लटारीजींच्या पुढ्यात ठेवला आणि नावावर बोट फिरवून ती बाजू नीट त्यांच्याकडे केली.

"हे वाचा जी. मी याले बाजारात नेत नाई, पानी बी भरत नाई. देवापाशी राह्यते, कोनाले हात लावू देत नाई. माह्या मायचं नाव हाय याच्यावर. जरा मोठ्यानं वाचजा, सून आयकून राह्यली."

लटारीजींनी गुंड मांडीवर घेतला. मी वहीत अनुक्रमांक घातला आणि पेन उचललं. काहीच ऐकू येईना, म्हणून वर पाहिलं. त्यांचे डोळे गुंडाच्या गळ्यापाशी खिळले होते. पुढे वाकून मीही वाचलं. स्वच्छ, घाईची, तरुण हातची टिंबं: 'चि. सौ. कां. शकुंतला हिस...' आणि पुढे मालगुजाराचं नाव.

 पटांगणातल्या बाकीच्यांना काही कळत नव्हतं; त्यांना वाटलं अक्षर पुसट असेल. लटारीजींनी आपला पंजा त्या नावावर ठेवला, मान वर केली आणि गुंडाकडे न बघता, खणखणीत आवाजात म्हणाले:

"चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी पारबता हिस. आई कैलासवासी मैनाबाई हिच्या आठवणीने. वडील इस्तारी यांजकडून."

"हाय का नाई!" पारबताबाई सुनेकडे वळून म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत लाल शाईनं चुका काढल्या. त्या दिवशी मात्र भांड्यावर नसलेला मजकूर मी माझ्या वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला. लिहिताना अक्षरं नीट दिसत नव्हती, कारण मला रडू येत होतं. यात लपवण्यासारखं काही नाही.

लटारीजी तिथे थांबले असते तरी चाललं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. पण भांडी पांगल्यावर, दुपारी, शाळेच्या व्हरांड्यात पारबताबाई चहा पीत बसली होती तेव्हा लटारीजी गुंड घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"बाई, मी खोटं वाचलं," ते म्हणाले, आणि सगळं सांगितलं. मोजलेली भांडी, कोरा गुंड, सायकल, सगळं. सुनीता मधेच उसळली, "असं कसं जी? बुढी रोज त्याच्या पाया पडते!" पारबताबाईनं तिला हातानं गप्प केलं. बराच वेळ ती अक्षरांवरून बोट फिरवत राहिली, रोज फिरवत असेल तसंच.

"मंग हे कोन हाय?"

"शकुंतला. मालगुजाराची पोरगी."

पारबताबाईनं चहाची कपबशी खाली ठेवली. आधी तिचे खांदे हलले, मग पोट, आणि मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "मालगुजाराची पोरगी पंचेचाळीस वर्सं माह्या घरी राह्यली? अन् मी तिले चिंच लावू लावू घासून राह्यलती!" ती सुनीताला गोंडीत काहीतरी म्हणाली आणि दोघी पुन्हा हसत सुटल्या. काय म्हणाली ते सुनीतानं मला आजतागायत सांगितलेलं नाही.

लटारीजी मात्र हसत नव्हते. "माफी करा बाई," ते म्हणाले.

"कायची माफी? माह्या बापानं मले सांगतलं होतं, पोरी, याच्यावर तुह्या मायचं नाव हाय. तेच मी रोज वाचलं. बापाचं सांगनं खरं होतं. तुमचं टाकनं तेवढं राह्यलं होतं. टाका आता."

"आधी हे शकुंतलाचं ठोकून सपाट करा लागीन."

"नोको. राहू द्या तिले. आता एवढ्या वर्सांनी कुठी जाईन ते? पन माह्या मायले तिच्या वर टाका."

लटारीजींनी कानावरची पेन्सिल काढून गुंडावर हलकी रेघ मारली आणि छिन्नी घेतली. हात आता पूर्वीसारखा चालत नव्हता, एकेका अक्षराला वेळ लागत होता. मजकूर संपत आला तेव्हा त्यांनी विचारलं, "तारीख आजची टाकू का तवाची?"

"तवाची. माह्यं लगन आज झालं का?"

"अन् बापाचं गाव कोन्तं?"

तिनं गावाचं नाव सांगितलं. लटारीजींची हातोडी हवेतच थांबली. "कोन्तं म्हनलं?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि तिनं पुन्हा सांगितलं. त्या पावसाळ्यात सायकलची साखळी तुटली म्हणून ते ज्या पाड्याच्या अलीकडून माघारी फिरले होते, तोच तो पाडा. हे ऐकून पारबताबाईला पुन्हा हसू फुटलं, आणि या वेळी लटारीजीही हसले. मी त्यांना इतकं मोठ्यानं हसताना कधी पाहिलं नव्हतं. सूर्य शाळेमागे गेला तेव्हा गुंड तयार झाला. वर मैनाबाई, खाली शकुंतला. त्यांनी कागद लावून, पेन्सिल घासून ठसा घेतला आणि पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर निळ्या शाईखाली चिकटवला.

आमच्या गावाच्या इतिहासाची वही वर पाठवली. तिथे ती कुणी उघडली की नाही, माहीत नाही. पण तिची दुसरी प्रत शाळेच्या कपाटात आहे आणि किल्ली सुनीताकडे असते. लग्न ठरलं की लोक येऊन बघून जातात. गोदाकाकूंच्या सगळ्या गंजांवर आता नाव आहे, आणि त्यांची नवी तक्रार अशी, की अक्षर फार मोठं टाकलं.

मागच्या हिवाळ्यात लटारीजी आमच्याकडे आले होते. मी यावेळी तयारीत होते. पितळेचा पेला घेतला होता आणि वर्ध्याहून त्याच्या बुडाशी मशीननं घालून आणलं होतं: 'लटारीजींस, सप्रेम भेट.' खाली माझं नाव. म्हटलं, बघू आता चेहरा. मी पाणी भरून आणलं आणि समोर बसून वाट पाहत राहिले. ते गोदाकाकूंबद्दल बोलले, शेठजींच्या गुडघ्यांबद्दल बोलले, पेला तळहातावर घेऊन सावकाश पाणी प्यायले आणि त्यांनी तो सरळ खाली ठेवला. सतरंजीवर एक थेंब पडला नाही.

"वाचलं नाही आज?" मला राहवेना.

"काय वाचाचं? तहान लागली होती, मॅडम. पानी पेलो."

काही वेळानं उठले, चपला घातल्या. मी हिरमुसून फाटकापर्यंत गेले. फाटकाची कडी लावता लावता ते वळले आणि म्हणाले, "मशीनचं हाय. अन् दोनच ओळी हायेत. गाव टाकाचं राह्यलं तुमचं."

"उलटा न करता कसं कळलं?"

त्यांनी उजव्या हाताचं बोट वर करून दाखवलं आणि पारबताबाई गुंडावर फिरवायची तसं ते हवेत फिरवलं. "पेला बाजारात घेऊन येजा," ते म्हणाले, आणि बसच्या दिशेनं चालू लागले.